म्हातारपण : दुखणे की हेळसांड?

या सदरात आपण आजवर रक्तदाब, मधुमेह, सर्पदंश अशा विषयांवर बोललो. आजचा विषय थोडा वेगळा आहे. घरातल्या म्हाताऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या किंवा अपंग माणसाची हेळसांड होत असेल, तर ती ओळखायची कशी आणि ओळखल्यावर करायचे काय? प्रश्न नाजूक आहे. दुसऱ्याच्या घरात डोकावण्याचा आहे. पण शेवटी तोही आरोग्याचाच प्रश्न आहे.

निमित्त असे झाले. महिन्यापूर्वी आमच्या एका जुन्या रुग्णाची मुलगी दवाखान्यात आली. समाजकार्याचे शिक्षण घेऊन ती नुकतीच एका सेवाभावी संस्थेत लागली आहे. काम असे की, अमुक घरात म्हातारीला मारतात, तमुक घरात उपाशी ठेवतात, अशी कुणी खबर दिली की त्या घरी जायचे, खरे-खोटे पाहायचे आणि लिहून आणायचे. पगार बेताचा, गाडी स्वतःची आणि अनुभव शून्य. मला म्हणाली, "डॉक्टरकाका, दार उघडल्यावर पहिलं काय बघायचं, हे कॉलेजात कुणी शिकवलंच नाही."

मी हसलो, पण मनातून ओशाळलो. कारण मलाही ते कुणी शिकवले नव्हते, आणि त्याची किंमत दुसऱ्याच कुणी मोजली होती.

माझ्या वहीतला एक शब्द

साधारण तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. (या लेखातील रुग्णांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) कळवणात मी नवीन दवाखाना टाकला होता. एक मुलगा आपल्या आईला मोटारसायकलवर बसवून घेऊन आला. मनगट सुजले होते. "काय झालं?" मी विचारले. मुलगा म्हणाला, "ओट्यावरून पडली." मी पट्टी बांधली, गोळ्या दिल्या. दीड महिन्याने पुन्हा तीच आजी. या वेळी कानामागे आणि गालावर काळेनिळे झाले होते. मुलगा म्हणाला, "न्हाणीत पडली." तिसऱ्या वेळी खुब्याचे हाड मोडलेले. "पुन्हा पडली." मी नाशिकला न्यायला सांगितले. त्यांनी घरी नेले. काही आठवड्यांत आजी गेली. पुढे केव्हातरी शेजारची एक बाई औषधाला आली तेव्हा सहज बोलून गेली की, घरातले शेतावर जाताना म्हातारीला पडवीत कोंडून जात आणि संध्याकाळी आरडाओरडा ऐकू येई.

मी जुनी वही काढून पाहिली. तिन्ही वेळा मी लिहिले होते, 'पडल्याने मार.' शब्द मुलाचा होता, अक्षर माझे होते. तिन्ही वेळा मी प्रश्न आजीच्या दुखण्याबद्दल विचारला, पण पाहत मुलाकडे होतो. आजीला एकदाही एकटीला विचारले नाही. ती खरोखर पडलीही असेल. पण ते विचारून घेणे माझे काम होते आणि ते मी केले नाही.

हे फक्त आपल्याकडेच होते असे नाही. वृद्धांना घरातच मारहाण होते, हे वैद्यकीय जगासमोर पहिल्यांदा ठळकपणे मांडले गेले ते १९७५ मध्ये, एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातल्या छोट्याशा पत्राने. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साठीपुढच्या दर सहा माणसांपैकी एकाला वर्षभरात कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा छळ वा हेळसांड सोसावी लागते. अमेरिकेत अशा तक्रारींची चौकशी करणारी सरकारी यंत्रणा प्रत्येक राज्यात आहे आणि नव्याने लागलेली तरुण मुले-मुली घरोघर जाऊन ही चौकशी करतात. इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्याने ही चौकशी स्थानिक प्रशासनाचे कर्तव्य ठरले आहे. आपल्याकडे गावपातळीवर असे वेगळे पद नाही. ते काम आशाताई, आरोग्यसेविका, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील, संस्थेचा कार्यकर्ता आणि गल्लीतला डॉक्टर यांच्या वाट्याला तुकड्यातुकड्याने येते. म्हणून त्या मुलीला जे सांगितले, तेच आज सर्वांसाठी लिहितो.

पहिल्या भेटीत काय पाहाल?

१) आधी माणूस, मग तक्रार. "तुमच्याबद्दल तक्रार आली आहे," असे दारातच म्हणू नका. दार बंद होईल आणि रात्री त्याचा राग म्हाताऱ्या माणसावर निघेल. कोणी खबर दिली ते कधीही सांगू नका. स्वतःचे नाव, संस्था सांगा. आजीची तब्येत पाहायला आलो, म्हणा. ते खोटे नाही.

२) एकट्याने बोला. थोडा वेळ का होईना, पण घरच्यांच्या कानाआड. "तुम्हाला कोण मारतं?" असे विचारू नका. "दिवस कसा जातो? जेवण कोण वाढतं? घरात कुणाची भीती वाटते का?" असे विचारा आणि मग गप्प राहा. म्हाताऱ्या माणसाला उत्तर जुळवायला वेळ लागतो.

३) अंगावरच्या खुणा. वय झाले की कातडी पातळ होते, जरा लागले तरी काळेनिळे होते; रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर अधिकच. असे डाग बहुधा हातापायांवर असतात. पण कान, मान, गाल, पाठ, मांडीची आतली बाजू येथे डाग असेल, किंवा दंडावर बोटांचे ठसे, मनगटावर वा घोट्यावर दोरीचा वळ असेल, तर थांबा आणि विचारा. डागाच्या रंगावरून तो किती दिवसांचा हे ठरवू नका. त्यात जाणते डॉक्टरही चुकतात. फक्त जागा आणि आकार लिहा.

४) खाट आणि पाठ. माकडहाड, खुबे आणि टाचा पाहा. एका कुशीवर पडून राहिले की त्या जागेचे रक्त अडते आणि काही तासांतही जखमेची सुरुवात होऊ शकते. कातडी लाल दिसली तर तिथे तेल-स्पिरिट चोळू नये. चोळल्याने इजा वाढते. दर दोन तासांनी कूस बदलणे आणि कातडी कोरडी ठेवणे, हा खरा उपाय. ओले अंथरूण, वाढलेली नखे, कोरडी जीभ, हाताला न लागणारा पाण्याचा तांब्या, या गोष्टी पुष्कळ सांगतात. आजीच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत असतील तर वजन किती उतरले ते समजते.

५) औषधे. गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख पाहा, किती गोळ्या उरल्या ते मोजा. महिनाभरापूर्वी आणलेले रक्तदाबाचे पाकीट जसेच्या तसे असेल, तर कुणीतरी ती द्यायला विसरते आहे. उलट, झोपेच्या गोळ्या भराभर संपत असतील तर त्याहून मोठी काळजी.

६) पैसा. पासबुक कुणाकडे आहे? श्रावणबाळ योजनेचे किंवा संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान कोण काढते? अलीकडे कुठल्या कागदावर अंगठा घेतला का? आपल्याकडे हेळसांडीची सुरुवात पुष्कळदा अंगठ्यापासून होते.

७) सांभाळणाऱ्याची विचारपूस. सुनेला किंवा लेकीला विचारा, "तुम्ही रात्री झोपता का?" हा प्रश्न विसरू नका. तो का, ते पुढे येईलच.

आणि लिहिताना तीन गोष्टी वेगळ्या लिहा : काय पाहिले, काय ऐकले, मला काय वाटते. ऐकलेले त्याच माणसाच्या शब्दांत, तारीख-वेळ घालून. माझ्या वहीत हेच राहिले होते.

पाड्यावरचे घर

दोन आठवड्यांनी ती मुलगी म्हणाली, "काका, रविवारी याल का? अभोण्याच्या पलीकडे एका पाड्यावर म्हाताऱ्याला बांधून ठेवतात, असा फोन आहे." गेलो. खबर खरी होती. पंच्याहत्तरीपुढचे बाबा खाटेवर बसलेले आणि त्यांचा पाय साडीच्या चिंधीने खाटेच्या खुराला बांधलेला. मुलीचा चेहरा लाल झाला. मी तिला डोळ्यांनीच 'थांब' म्हटले.

तेवढ्यात शेजारच्या पोराने निरोप दिला म्हणून सून कांदा लावणीवरून धावत आली. नवरा द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडे गेलेला. आपल्या तालुक्याच्या पश्चिम भागातून आणि शेजारच्या सुरगाण्यातून दरवर्षी कितीतरी घरे अशी रिकामी होतात. मागे राहतात म्हातारी आणि लहान पोरे. सून म्हणाली, "एका रात्री बाबा उठून नदीकडं गेले. लोकांनी काठावरून आणलं. बांधू नको तर काय करू? मी मजुरीला गेले नाही तर खायचं काय?" बोलता बोलता ती रडायला लागली. चार रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

बाबांना तपासले. केसांना तेल, अंग स्वच्छ, पोटात अन्न. टाचेवर मात्र जखम सुरू झालेली, अंगात कणकण आणि लघवीला उग्र वास. आठवड्यापासून रात्री ओरडतात, माणसे ओळखत नाहीत. विसरभोळेपणा जुना होता, पण अचानक वाढला होता. म्हातारपणी असे अचानक भ्रम झाले, तर 'डोकं फिरलं' म्हणून सोडून देऊ नये. लघवीतला किंवा छातीतला जंतुसंसर्ग, अंगातले पाणी कमी होणे, साखर वरखाली होणे, एखादे नवे औषध, यांपैकी काहीतरी बहुधा मागे असते. बाबांना रुग्णालयात दाखल केले. आठ-दहा दिवसांत ओरडणे थांबले.

याचा अर्थ बांधणे योग्य होते असा नाही. बांधलेला माणूस धडपडतो, पडतो, जखमा होतात. आग लागली तर पळता येत नाही. तामिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेले मनोरुग्ण जागचे हलू शकले नाहीत. २८ जणांचा मृत्यू झाला. मनोरुग्णाला साखळीने बांधायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सक्त मनाई आहे. पण चिंधी सोडवायची तर सुनेच्या हातात दुसरे काहीतरी द्यायला हवे. त्या मुलीने ते जमवले. दाराची कडी वर, बाबांच्या नजरेत न येणाऱ्या जागी लावली. दाराला बैलाच्या गळ्यातली घुंगरे बांधली, म्हणजे रात्री दार उघडले की सून जागी होते. खिशात नाव आणि फोनचा कागद. सकाळी शेजारच्या नातवंडाबरोबर एक फेरी, म्हणजे पायांची हौस भागते. आशाताई आठवड्यातून दोनदा जखम पाहतात. मुलाला फोन करून बोलावून घेतले.

अशा वेळी ती मुलगी रागाच्या भरात 'छळ' एवढाच शब्द लिहून परतली असती, तर त्या घरातला एकमेव सांभाळणारा हात तिने मोडला असता.

गावातले घर

दुसरे घर अगदी उलट. फरशी चकचकीत, चादर धुतलेली, आजी खाटेवर नीट बसलेल्या. मुलगा शेजारी, सून चहा घेऊन आली. आजी म्हणाल्या, सगळे छान आहे. मुलीने आजीशी जरा एकटीने बोलू का, म्हणून विचारले, तर मुलगा म्हणाला, "आमच्यापासून काय लपवायचं आहे?" तिने वाद घातला नाही. म्हणाली, "आजी, परसातली तुळस दाखवता का?" आजी भिंतीला धरून उठल्या.

तुळशीपाशी त्यांनी सांगितले. वर्षापूर्वी घर मुलाच्या नावे करून दिले, अंगठा दिला. पासबुकही त्याच्याकडेच. तेव्हापासून जेवण एक वेळ, तेही सगळ्यांचे झाल्यावर. लेकीला फोन करायची मनाई. पाहुणे येणार असले की चादर बदलतात. मुलीने विचारले, अर्ज करायचा का? आजी म्हणाल्या, "नको माय. तो मना पोऱ्या शे."

ती संध्याकाळी माझ्याकडे आली ती चिडूनच. "काका, सगळं कळलं आणि काहीच करता येत नाही. मग मी केलं काय?"

मी म्हटले, "अगं, लहान मुलाच्या बाबतीत आपण त्याच्या वतीने ठरवतो. म्हातारं माणूस शहाणं, समजतं आहे तोवर काय करायचं ते तेच ठरवणार. तू फक्त पुन्हा जा."

याला अपवाद आहे. जिवाला धोका असेल, माणूस शुद्धीवर नसेल किंवा त्याला समजण्याची शक्तीच उरली नसेल, तर वाट पाहू नये. त्याच दिवशी रुग्णालय आणि गरज पडल्यास पोलीस. आजींच्या बाबतीत तसे नव्हते. ती मुलगी पुन्हा गेली. चार वेळा गेली. चौथ्या वेळी आजींनीच विचारले की, अर्ज केला तर पोराला तुरुंगात टाकतील का?

खरी अडचण ही होती. आजींना न्याय नको होता असे नाही. मुलाला बेड्या नको होत्या.

कायदा काय म्हणतो?

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा आणि कल्याणाचा कायदा २००७ चा. राज्याचे नियम २०१० चे. त्यानुसार उपविभागीय अधिकारी, म्हणजे आपले प्रांतसाहेब, हे न्यायाधिकरणाचे प्रमुख असतात आणि ते कार्यालय कळवणातच आहे. अर्ज साधा असतो. स्वतः करता येतो. शक्ती नसेल तर आपण सांगू त्या व्यक्तीला किंवा संस्थेला करता येतो. न्यायाधिकरण आपण होऊनही दखल घेऊ शकते. वकील लागत नाही. प्रकरण आधी समेट अधिकाऱ्याकडे देऊन घरातल्या घरात तडजोड घडवता येते. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निर्णय अपेक्षित आहे, अपवाद म्हणून आणखी ३० दिवस. महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत चरितार्थ देण्याचा आदेश होऊ शकतो. मूलबाळ नसेल तर मालमत्ता ज्याला मिळणार, त्या नातेवाइकावरही जबाबदारी येते. तुरुंगाची गोष्ट वेगळी आहे : म्हाताऱ्या माणसाला कायमचे टाकून दिले, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

घर लिहून देताना 'माझा सांभाळ करावा' ही अट असेल आणि ती पाळली नाही, तर ते हस्तांतरण रद्द करता येते. अशी अट होती हे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये म्हटले. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने हा कायदा ज्येष्ठांच्या हिताच्या बाजूने वाचावा आणि न्यायाधिकरण ताबाही परत देववू शकते, असे सांगितले. तेव्हा ज्यांना लिहून द्यायचेच आहे, त्यांनी ती अट कागदात आल्याशिवाय अंगठा उठवू नये. आजींच्या कागदात सुदैवाने ती ओळ होती.

याखेरीज, मुलाकडून छळ होणाऱ्या आईला २००५ च्या घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या कायद्यानेही संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येते. अपंग व्यक्तीच्या छळाची माहिती २०१६ च्या कायद्यानुसार कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना, म्हणजे तहसीलदारांना देऊ शकते.

आपण काय करू शकतो?

शेजाऱ्यांनी एवढे करावे : आठवड्यातून एकदा म्हाताऱ्या माणसापाशी पाच मिनिटे बसावे आणि काही बदलले का ते पाहावे. शंका आली तर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या क्रमांकावर विचारावे. महिलांसाठी १८१, तातडीच्या संकटात ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. सांभाळणाऱ्या सुनेला, लेकीला, मुलाला एखादी दुपार मोकळी करून द्यावी. थकलेला हात उगारला जायला वेळ लागत नाही. आणि माझ्या डॉक्टर मित्रांनी नातेवाइकांना बाहेर बाकावर बसवून रुग्णाशी दोन मिनिटे बोलावे.

आजींचा अर्ज दाखल झाला आहे. निकाल लागायचा आहे. पण समेट अधिकाऱ्यांसमोरच्या पहिल्याच तारखेनंतर पासबुक आजींच्या उशाखाली आले आणि लेकीचा फोनही सुरू झाला. पाड्यावरचे बाबा अजून सुनेला कधी बहीण म्हणतात, कधी आई. पण पाय मोकळा आहे.

मी माझ्या दवाखान्याचे केसपेपर नव्याने छापून घेतले आहेत. 'काय झाले' या रकान्याखाली आता आणखी एक रकाना आहे : 'कोणी सांगितले?' आणि त्याखाली : 'रुग्णास एकट्याने विचारले : होय / नाही.' हे तीस वर्षांपूर्वी छापायला हवे होते.